सीमेवर अडकलेला ऑब्जेक्ट : पायथन–सी++ पुलावर व्हेक्टर चालतो, मॅप पडतो. का?

उद्यमबाग_रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या एका शॉपमध्ये टेस्टिंगला आहे. डिप्लोमा मेकॅनिकलचा, प्रोग्रॅमिंग गरजेपुरतं शिकलो, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मोबाईलवरून लिहितोय, म्हणून कोड न चिकटवता शब्दांत सांगतो.

बेंचवर व्हॉल्व्ह बॉडी चढवतो, दाब देतो. सेन्सरचं रीडिंग सी++ वाचतं, रिपोर्ट पायथन काढतं. मधला पूल माझ्या आधीच्या माणसानं पायथनचा सी एपीआय (सीमधून पायथनशी बोलायची सोय) वापरून हातानं लिहिलाय. तो आता पुण्यात असतो आणि फोन उचलत नाही. (मीही उचलला नसता.)

पुलात एक स्ट्रक्चर आहे. वर पायथनचा नेहमीचा हेडर, खाली बेंच नंबर आणि रीडिंगचा एक व्हेक्टर, म्हणजे वाढत जाणारी यादी. तीन वर्षं काही कुरकुर नाही. आता गिऱ्हाईक म्हणतंय रीडिंग हीट नंबरप्रमाणे (भट्टीच्या एका ओताचा नंबर) वेगळी द्या. म्हणून मी व्हेक्टरच्या खाली एक मॅप टाकला: हीट नंबरची की, त्याखाली त्या हीटची रीडिंग. कंपाइल झालं, एक वॉर्निंगही नाही. पायथनमधून ऑब्जेक्ट बनतो. पहिली नोंद टाकली की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे भलत्याच मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्रॅम पडतो.

गंमत पुढे आहे. मॅप काढून त्या जागी जोड्यांचा व्हेक्टर ठेवला तर झकास चालतं! जीडीबी (चूक शोधायचं साधन) लावलं तर शेवटच्या ओळीत 'आरबी ट्री डिक्रिमेंट' असं काहीतरी दिसतं. जीसीसीचा, म्हणजे आमच्या सी++ कंपायलरचा, मॅपच बिघडलाय का?

संबंध असेल-नसेल, पण सांगून ठेवतो : हा प्रोग्रॅम आठवडाभर मेमरी खात जातो. म्हणून दर सोमवारी पहिल्या पाळीला आम्ही रिस्टार्ट मारतो. आणि रात्रपाळीच्या रिपोर्टवर बेंच क्रमांक कायम ० येतो, तो आम्ही पेनानं दुरुस्त करतो.

कुंदाबाज · मंगळवार, रात्री ११.५८

मॅप कशाला बिघडंल गा! दोन थ्रेड एकदम लिहालेत काय बघ की. लॉक टाकलायस काय?

उद्यमबाग_रात्रपाळी · बुधवार, रात्री १२.०४

थ्रेड एकच आहे. नुसतं ऑब्जेक्ट बनवून एक नोंद टाकणारी चार ओळींची फाइल केली, तरी पडतं.

चिकोडी_एक्सप्रेस · बुधवार, सकाळी ७.१५

एवढ्यासाठी पूल कशाला? सरळ सीटाइप्स वापरा. लायब्ररी लोड करा, फंक्शन बोलवा, विषय संपला.

निपाणीकर · बुधवार, सकाळी ८.३०

एक्सप्रेस, विषय तिथं सुरू होतो. सीटाइप्समध्ये फंक्शन काय परत देतं ते सांगितलं नाही तर तो इंट, म्हणजे ३२ बिटांचा आकडा, धरतो. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत आला की वरचे ३२ बिट गळून पडतात, आणि तुम्ही तो लंगडा पॉइंटर पुढच्या फंक्शनला देता. कधी चालतं, कधी नाही. मी यात एक अख्खी दिवाळी घालवलीय. आणि सी++चा क्लास सीटाइप्सला थेट कळत नाहीच, आधी सीचं आवरण चढवावं लागतं.

मलप्रभा · बुधवार, सकाळी ९.१०

दादा, दोन प्रश्न. एक : टाइपच्या टेबलमध्ये 'टीपी न्यू'च्या (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) जागी काय लिहिलंय? दोन : 'टीपी डीअॅलॉक'मध्ये (ऑब्जेक्ट मोडणारं) काय आहे? जसं आहे तसं सांगा.

उद्यमबाग_रात्रपाळी · बुधवार, दुपारी १.२०

मलप्रभाताई, न्यूमध्ये पायथनचंच 'पायटाइप जेनेरिक न्यू' दिलंय. इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनल्यावर चालणारं फंक्शन) एकच काम, पायथनकडून आलेला बेंच नंबर स्ट्रक्चरमध्ये ठेवणं. डीअॅलॉकमध्ये एकच ओळ, 'टीपी फ्री' बोलावणं, म्हणजे जागा परत देणं. बस.

मलप्रभा · बुधवार, दुपारी २.०५

मग सापडलं. तुमचा मॅप बिघडलेला नाही, तो जन्मालाच आलेला नाही. व्हेक्टरही कधी जन्माला आला नव्हता. तीन वर्षं तुम्ही न जन्मलेल्या व्हेक्टरकडून काम करून घेताय.

सी++मध्ये न्यू लिहिलं की एकामागोमाग दोन गोष्टी होतात : जागा मिळते, आणि त्या जागेवर कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्टची सुरुवातीची घडी लावणारं फंक्शन) चालतो. दोन्ही इतक्या चिकटून होतात की आपल्याला एकच वाटतात. पायथनमध्येही दोन टप्पे आहेत, पण वेगळे : आधी न्यू, मग इनिट. जेनेरिक न्यू आतून 'टीपी अॅलॉक' बोलावतं. ते जागा घेतं, सगळी जागा शून्यांनी पुसतं, हेडरमध्ये टाइप आणि रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) भरतं आणि ऑब्जेक्ट परत देतं. पायथनचं इंटरप्रिटर सीमध्ये लिहिलेलं. तुमच्या स्ट्रक्चरमध्ये सी++चे मेंबर बसलेत आणि त्यांना कन्स्ट्रक्टर आहेत, हे त्याला कळायचा मार्गच नाही. सी++च्या कंपायलरला वाटतं ऑब्जेक्ट पायथन बनवतंय. पायथनला वाटतं उरलेलं सी++ बघून घेईल.

आता व्हेक्टर का चालला? जीसीसीच्या लायब्ररीत व्हेक्टर म्हणजे तीन पॉइंटर : सुरुवात, शेवट आणि घेतलेल्या जागेचा शेवट. रिकाम्या व्हेक्टरमध्ये तिन्ही नल, म्हणजे शून्य पत्ता. पायथननं जागा शून्यांनी पुसलेली, म्हणजे निव्वळ योगायोगानं तिथं 'रिकामा व्हेक्टर' दिसतो. भाषेच्या नियमानं हेही चूकच, फक्त पकडली गेली नाही.

मॅप तसा नाही. तो आतून लाल-काळं झाड आहे, आणि त्याच्या पोटात एक हेडर नोड असतो. रिकाम्या मॅपमध्ये त्या नोडचे डावे-उजवे पॉइंटर स्वतःकडेच बोट दाखवतात. हे बोट कन्स्ट्रक्टर लावतो. तुमच्याकडे तिथं शून्य. पहिली नोंद टाकताना मॅप विचारतो, 'मी रिकामा आहे का?' शून्य म्हणजे स्वतः नव्हे, म्हणून त्याला वाटतं आत काहीतरी आहे, आणि तो मागच्या नोडकडे जायला निघतो. ते तुमचं डिक्रिमेंट. मागं कुणी नाही, नल आहे, पडला.

आणि सोमवारची रिस्टार्ट : डीअॅलॉकमध्ये नुसतं टीपी फ्री आहे, म्हणजे व्हेक्टरचा डिस्ट्रक्टरही (मोडताना आवराआवर करणारा) कुणी बोलवत नाही. पायथन स्ट्रक्चरची जागा परत घेतं, पण व्हेक्टरनं हीपवर, म्हणजे स्ट्रक्चरबाहेर वेगळी, घेतलेली रीडिंगची जागा तशीच राहते. एका बॉडीला एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्येक बॉडीमागं थोडी गळती.

कुंदाबाज · बुधवार, दुपारी २.३०

अक्का, एवढं मोठं उत्तर जेवायच्या सुट्टीत टाइप केलीस काय?

घटप्रभेकाठी · बुधवार, संध्याकाळी ६.४०

उद्यमबागवाल्याला त्याच्याच भाषेत सांगतो. मोल्डिंग बॉक्स मिळाली म्हणजे कास्टिंग झालं नाही. अॅलॉक म्हणजे बॉक्स, कन्स्ट्रक्टर म्हणजे ओतकाम.

उद्यमबाग_रात्रपाळी · बुधवार, रात्री १०.१०

घटप्रभाकाका, दाखला जवळ आलाय, पण बसत नाही. ओतकाम झालं नाही तर शेडमधल्या पोरालाही दिसतं. हे कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) न बसवता ओतल्यासारखं आहे. बाहेरून बॉडी अगदी बरोबर, वजन थोडं जास्त, आणि आत तेलाची वाटच नाही. मशीन शॉपला जाईपर्यंत कळत नाही.

ताई, समजलं. आज बदल करून बघितला. न्यू स्वतः लिहिलं : आधी टीपी अॅलॉक, मग त्याच जागेवर प्लेसमेंट न्यू (नवी जागा न घेता नुसता कन्स्ट्रक्टर), म्हणजे न्यू, कंसात सेल्फ, पुढं स्ट्रक्चरचं नाव आणि रिकामे कंस. आता तर ऑब्जेक्ट बनतानाच पडतं! पूर्वी निदान बनत तरी होता.

मलप्रभा · बुधवार, रात्री १०.४५

शेवटचे रिकामे कंस घातलेत ना, त्यांनी केलं. स्ट्रक्चरला तुम्ही स्वतः कन्स्ट्रक्टर लिहिलेला नाही. अशा वेळी रिकाम्या कंसांचा अर्थ होतो, 'आधी सगळं शून्य कर, मग मेंबरचे कन्स्ट्रक्टर चालव.' सगळ्यात पायथनचा हेडरही आला. पायथननं नुकतंच भरलेलं रेफरन्स काउंट आणि टाइपचा पॉइंटर तुम्ही पुसून टाकलात. पुढच्या क्षणी पायथन विचारतं हा कुठल्या टाइपचा, उत्तर नल.

कंस काढले तर बहुतेक चालेल, पण तेही करू नका. त्या जागेवर नवा ऑब्जेक्ट बांधल्यावर आधीच्या किमती टिकतील अशी हमी सी++ देत नाही. हेडर पायथनचा, त्याला हात लावायचा नाही. फक्त आपले मेंबर बांधा : प्लेसमेंट न्यू व्हेक्टरच्या पत्त्यावर, आणखी एक मॅपच्या पत्त्यावर. डीअॅलॉकमध्ये त्या दोघांचे डिस्ट्रक्टर हातानं बोलवा, मग टीपी फ्री. सी++१७ असेल तर 'डिस्ट्रॉय अॅट' वापरा, वाचायला बरं.

निपाणीकर · बुधवार, रात्री ११.२०

जावाच्या बाजूलाही हीच खोड आहे. जेएनआयमध्ये (जावाचा सी-सी++शी पूल) दोन फंक्शनं शेजारी-शेजारी : 'अॅलॉक ऑब्जेक्ट' आणि 'न्यू ऑब्जेक्ट'. पहिलं कन्स्ट्रक्टर न चालवता ऑब्जेक्ट देतं, दुसरं चालवून. नावं इतकी सारखी की घाईत कुणीही फसेल. दुसऱ्याला कन्स्ट्रक्टरचा आयडी द्यावा लागतो, आणि तो मागताना मेथडचं नाव म्हणून कोनी कंसातलं 'इनिट' लिहायचं, परत येणारा प्रकार व्हॉइड. मी एकदा तिथं क्लासचं नाव लिहून अर्धा दिवस शोधत बसलो होतो.

खडेबाजार_कट्टा · बुधवार, रात्री ११.३५

शीर्षकात सीमा वाचून धावत आलो. वाटलं २००४ च्या सुप्रीम कोर्टातल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमादाव्याचं काही निघालं. इथं लाल-काळं झाड.

कुंदाबाज · बुधवार, रात्री ११.४१

कट्टा, त्याचा धागा वर पिन करून ठेवलाय, तिकडं जा. इथं दोन भाषा आधीच भांडालेत, तिसरी नको.

खानापूर_पॅसेंजर · गुरुवार, सकाळी ६.५०

बेंच क्रमांक ० कडे कुणी बघितलं नाही. दादा, रात्रपाळीसाठी पायथनमध्ये वेगळा क्लास आहे का? तुमच्या सी++ टाइपवरून घेतलेला?

उद्यमबाग_रात्रपाळी · गुरुवार, दुपारी १.०५

आहे! रात्री दोन शिफ्ट इंजिनिअरांची नावं लागतात, म्हणून मीच केला होता. त्याच्या इनिटमध्ये नावं घेतो.

खानापूर_पॅसेंजर · गुरुवार, दुपारी १.३०

आणि त्यात सुपरचा, म्हणजे बापाच्या क्लासचा, इनिट बोलावलाय का?

उद्यमबाग_रात्रपाळी · गुरुवार, दुपारी १.३४

नाही बोलावलेला.

खानापूर_पॅसेंजर · गुरुवार, दुपारी २.१०

मग झालं. सी++मध्ये पोराचा कन्स्ट्रक्टर चालायच्या आधी बापाचा चालतोच, तुम्ही लिहा न लिहा. कंपायलर सोडत नाही. पायथनमध्ये पोरानं स्वतःचा इनिट लिहिला की बापाचा इनिट झाकला जातो. बोलावला तरच चालतो. तुमचा बेंच नंबर फक्त टीपी इनिटमध्ये भरला जातो, तो कधी चाललाच नाही, आणि तिथं पायथननं पुसलेलं शून्य उरलं. रात्रपाळीच्या रिपोर्टवर तेच छापलं जातं.

उलटंही होतं. पायथनमध्ये कुणीही एकाच ऑब्जेक्टवर इनिट दोनदा बोलवू शकतो. इनिटमध्ये तुम्ही हीपवर काही घेत असाल आणि जुनं न सोडता नवं घेतलंत, तर जुनं गळालं. आणि पिकलमधून (फाइलीत साठवून) परत येणारा ऑब्जेक्ट साधारणपणे न्यूमधून जातो, इनिटमधून जात नाही. इनिट चालेलच, तेही एकदाच चालेल, असं पुलावर धरून चालायचं नाही. सायथनमध्ये (असे पूल लिहायची पायथनसारखी भाषा) याचसाठी 'सीइनिट' वेगळा ठेवलाय. तो प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नेमका एकदा चालतो.

मलप्रभा · गुरुवार, दुपारी ३.००

बरोबर. म्हणून माझी वाटणी अशी : जे नसेल तर प्रोग्रॅम पडेल ते न्यूमध्ये बांधा. जे नसेल तर फक्त माहिती अपुरी राहील ते इनिटमध्ये भरा. मॅप पहिल्यात, बेंच नंबर दुसऱ्यात.

निपाणीकर · गुरुवार, संध्याकाळी ७.२५

मलप्रभाताई, इथं माझं जमत नाही. बेंच ० हा अपुरा रिपोर्ट नाही, खोटा रिपोर्ट आहे. खोटा रिपोर्ट गिऱ्हाइकाला जाण्यापेक्षा प्रोग्रॅम पडलेला बरा. न्यूमध्ये बेंच नंबरला −१ ठेवा, आणि प्रत्येक मेथडच्या तोंडाशी तपासा. −१ दिसला की चोख एरर : 'बापाचा इनिट बोलावला नाही.'

पायबाइंड११ (असा पूल बांधून देणारी तयार लायब्ररी) नेमकं हेच करतो. सी++ क्लासवरून पायथनमध्ये क्लास घेतला, स्वतःचा इनिट लिहिला आणि बेसचा इनिट विसरलात, तर ऑब्जेक्ट बनवतानाच टाइप एरर देतो आणि कुठला इनिट बोलवायला हवा होता तेही सांगतो. हा हातानं बांधलेला पूल पाडून दादांनी पायबाइंडवर जावं, असं माझं मत.

मलप्रभा · गुरुवार, रात्री ८.१०

−१ आणि तपासणी मान्य. तुमचं बरोबर आहे, मी शॉपफ्लोअरचा विचार केला नव्हता.

पायबाइंडलाही हरकत नाही, पण दादा, एक लक्षात ठेवा. तिथं बेसचा इनिट नाव घेऊन थेट बोलवा, सुपर वापरू नका. सरळ एका रांगेतल्या वारशात सुपर चालून जातो. पण पायथनचे आणि सी++चे क्लास मिसळून दोन-दोन बाप झाले की पायथन बापांचा क्रम आपल्या पद्धतीनं लावतो, सी++ आपल्या, आणि गाडी रुळावरून उतरते. त्यांच्या कागदपत्रातही तसं बजावलंय.

दुसरं, सी++च्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल मेथड (पोराला बदलता येणारी) बोलावून पायथनच्या पोराची मेथड चालेल अशी आशा ठेवू नका. बापाचा कन्स्ट्रक्टर चालू असताना सी++च्या लेखी पोर अजून जन्मलेलं नसतं, बापाचीच मेथड चालते. पायथनमध्ये उलट, पोराची चालते, पोराचे मेंबर अजून भरलेले नसले तरी.

टिळकवाडीतली · गुरुवार, रात्री ९.३०

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बालिश असेल. न्यूमध्ये मॅप बांधतानाच मेमरी संपली आणि एक्सेप्शन आलं तर? डीअॅलॉक चालेल का? मग तो अर्धवट बांधलेल्याचा डिस्ट्रक्टर बोलवेल ना?

मलप्रभा · गुरुवार, रात्री १०.००

बालिश कसला! या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

सी++मध्ये कन्स्ट्रक्टर मध्येच फसला तर त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालत नाही, फक्त बांधून झालेले मेंबर मोडले जातात. पायथनचा हिशेब वेगळा. इनिट फसला तरी ऑब्जेक्ट न्यूमध्ये बनलेला असतो, त्यामुळे रेफरन्स संपला की डीअॅलॉक चालतोच. शुद्ध पायथनमध्ये तुम्ही डेल (ऑब्जेक्ट जाताना चालणारं फंक्शन) लिहून ठेवलात तर तोही चालतो, आणि मग 'एक्सेप्शन इग्नोर्ड' असं काहीतरी स्क्रीनवर येतं, कारण डेल न भरलेला मेंबर शोधत असतो.

म्हणजे डीअॅलॉकला अर्धवट ऑब्जेक्ट मिळू शकतो हे धरूनच तो लिहायचा. यासाठी मी वर सुचवलेल्यापेक्षा सोपी वाट आहे, आणि खरं तर तीच आधी सांगायला हवी होती. पायथनच्या स्ट्रक्चरमध्ये सी++चे मेंबर ठेवूच नका. एकच पॉइंटर ठेवा. व्हेक्टर, मॅप, बेंच नंबर सगळं एका साध्या सी++ क्लासमध्ये. टीपी न्यूमध्ये तो क्लास सी++च्या न्यूनं बनवून पॉइंटर ठेवा, डीअॅलॉकमध्ये डिलीट करा. बनायच्या आधी पायथननं पॉइंटर शून्य केलेलाच आहे, आणि नल पॉइंटर डिलीट करणं सी++मध्ये निरुपद्रवी. इथं ते शून्य खरं बोलतं, 'अजून काही नाही' एवढंच. मॅपच्या जागी तेच शून्य खोटं बोलत होतं.

आणि न्यूच्या भोवती ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडायची चौकट) हवाच. सी++चं एक्सेप्शन सीमध्ये लिहिलेल्या इंटरप्रिटरच्या फ्रेममधून वर जाऊ द्यायचं नाही. पकडायचं, पायथनची एरर लावायची, ऑब्जेक्टचा रेफरन्स सोडायचा, नल परत द्यायचं.

टिळकवाडीतली · गुरुवार, रात्री १०.२०

ट्राय-कॅच कॉलेजमध्ये शिकवलंय. ते दोन भाषांच्या मध्ये लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

चिकोडी_एक्सप्रेस · गुरुवार, रात्री १०.५०

व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) लावलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

खानापूर_पॅसेंजर · गुरुवार, रात्री ११.०५

गळती सापडली असती, कन्स्ट्रक्टरची चूक नसती सापडली. न भरलेली मेमरी वाचली तर व्हॅलग्रिंड ओरडतं. इथं मेमरी भरलेली आहे, शून्यांनी. त्याच्या लेखी सगळं ठीक.

उद्यमबाग_रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११.१५

उशीर झाला, माफ करा. शनिवार-रविवार माझ्या हाती बेंच होता.

पायबाइंडवर लगेच जात नाही. बेंचवरच्या कॉम्प्युटरला काही नवं बसवायचं म्हटलं की परवानगीला महिना जातो. ताईंची पॉइंटरची वाट केली. स्ट्रक्चरमध्ये आता हेडर आणि एक पॉइंटर, एवढंच. न्यूमध्ये बांधतो, डीअॅलॉकमध्ये मोडतो. निपाणीकरांचं −१ आणि तपासणी घातली. पहिल्याच रात्री तपासणीनं मला पकडलं, कारण सुपर लिहायला परत विसरलो होतो. थेट बेसचं नाव घेऊन बोलावलं, मग चाललं.

मॅप चालतो. हीट नंबरप्रमाणे रिपोर्ट निघाला. रात्रपाळीचा बेंच क्रमांक ३ छापून आला, पेन काढावं लागलं नाही. मेमरी शुक्रवारी सकाळी होती तेवढीच सोमवारी सकाळी.

कुंदाबाज · मंगळवार, रात्री ११.२२

म्हणजे सोमवारची रिस्टार्ट बंद!

उद्यमबाग_रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११.३०

नाही. मी सांगितलं आता गरज नाही. सुपरवायझर म्हणाले, तीन वर्षं करतोय, आणखी एक महिना करू, मग बघू.